४२.३४ मीटर : लांब लहरी, आखूड तार आणि मुंबईतला चोरटा आवाज

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचे जयसिंगपूर हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसवले. गाव आधी कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उतरले. म्हणून तिथल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. समजा, या गावातील एखाद्या परवानाधारक हौशी रेडिओवाल्याने, म्हणजे ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात अशा माणसाने, १३६ किलोहर्ट्झवर संदेश पाठवायचे ठरवले. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २२०० मीटर भरते. उभ्या अँटेनाने व्यवस्थित काम करायचे, तर तिची उंची तरंगलांबीच्या पाव भागाइतकी असावी लागते. म्हणजे ५५० मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरांचा आहे. असे साडेसात मिनार एकावर एक रचले, की जयसिंगपूरच्या त्या गल्लीतील अँटेना तयार होईल.

हा हिशेब गमतीचा वाटतो, परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत साम्राज्ये याच हिशेबावर कोट्यवधी रुपये खर्च करत होती. १९४२ च्या मुंबईतील एका गाजलेल्या प्रकरणाची किल्लीही याच हिशेबात आहे. त्या प्रकरणातील धाडसाची कथा अनेकदा सांगितली जाते. धाडस ज्या तारेवरून हवेत गेले, त्या तारेच्या लांबीचा विचार मात्र क्वचितच होतो. हा थ्रेड त्या तारेविषयी आहे.

५५० मीटरांचा मनोरा परवडत नसेल, तर आखूड तार वापरता येते. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. घराच्या गच्चीवर बारा मीटरांचा बांबू उभारून, त्यावरून तार सोडून, खाली तांब्याच्या तारेचे भलेमोठे वेटोळे जोडले, तर ही ठेंगणी अँटेनाही २२०० मीटरच्या लहरीशी सूर जुळवते. सूर जुळला तरी आवाज फुटत नाही. प्रक्षेपकाने शंभर वॅट ओतले, तर त्यातील जवळजवळ सर्व शक्ती वेटोळ्यात आणि जमिनीत उष्णता होऊन जिरते. आकाशात जातो जेमतेम एक-दशांश वॅट. शिरोळ तालुक्यातील ओलसर काळी जमीन वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे तिथे हा तोटा मुरमाड माळापेक्षा थोडा कमी होईल, इतकेच. तात्पर्य, लांब लहरीवर बोलायचे असेल तर उंच मनोरे हवेत, एकरांनी जमीन हवी आणि वीजघर हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे सर्व फक्त सरकारांकडे आणि मोठ्या कंपन्यांकडे होते.

आणि तेव्हाच्या तज्ज्ञांचा ठाम समज असा होता, की दूर जायचे तर लहर लांबच हवी. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाला बांधलेल्या तारेतून इंग्लंडहून आलेले मोर्स लिपीतील 'एस' हे अक्षर ऐकल्याचे जाहीर केले. त्यानंतर केंद्रे वाढत गेली, तशा लहरीही लांबत गेल्या. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२४ मध्ये सुरू झालेले केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर चालत असे. त्या लहरीची लांबी साडेसतरा किलोमीटरांच्या आसपास होती आणि तिच्यासाठी १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे एका रांगेत उभे करावे लागले. ते आजही उभे आहेत आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. इंग्लंडमधील रग्बी येथे १९२६ मध्ये अडीचशे मीटर उंचीचे बारा मनोरे उभारले गेले. लंडनच्या सरकारी दृष्टीने बिनतारी सत्तेचे रूप हे असे होते.

ब्रिटनला या मनोऱ्यांची एक साखळी सर्व वसाहतींतून न्यायची होती. समुद्राखालच्या तारा युद्धात शत्रू कापू शकतो. आकाशातील लहर कापता येत नाही. १९१३ मध्ये मार्कोनी कंपनीशी करार झाला. त्यात इंग्लंडपासून इजिप्त, आफ्रिका आणि हिंदुस्थानमार्गे सिंगापूरपर्यंतची केंद्रे होती. करार मंजूर होण्याआधीच त्याच्याभोवती मोठा घोटाळा गाजला होता: ब्रिटिश मंत्रिमंडळातील काही जणांनी मार्कोनीच्या अमेरिकी कंपनीचे समभाग घेतल्याचे उघड झाले. त्यांत ॲटर्नी जनरल रुफस आयझॅक्स हेही होते, आणि त्यांचे सख्खे बंधू गॉडफ्रे हे मार्कोनी कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. हेच रुफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रेडिंग म्हणून १९२१ ते १९२६ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. हिंदुस्थानातील रेडिओची पहिली पावले त्यांच्याच कारकिर्दीत पडली. इतिहासाला असे योगायोग आवडतात.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि करार बारगळला. युद्धानंतर योजना पुन्हा टेबलावर आली आणि समित्यांच्या वादात अडकली. हिंदुस्थानच्या बाबतीत तर निसर्गाचीही एक अडचण होती. लांब लहरींच्या पट्ट्यात विजेच्या कडकडाटाची खरखर प्रचंड असते, आणि उष्ण कटिबंधात विजा किती कडाडतात हे वळिवाच्या दिवसांत कृष्णाकाठावर राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. एक वीज कोसळली, की तिची खरखर हजारो किलोमीटरवरच्या ग्राहकयंत्रात उमटते. मनोरा कितीही उंच उभारला, तरी ऐकणाऱ्याच्या कानातील ही खरखर कमी होत नाही. ती दडपायची, तर पाठवणाऱ्याने आणखी शक्ती ओतायची आणि मनोरे आणखी उंच करायचे.

या कोंडीवर तोडगा काढणारे लोक सरकारी नव्हते.

१९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला, तेव्हा गल्लोगल्ली टिकटिक करणाऱ्या हौशी पोरांचा सरकारी आणि व्यापारी संदेशांना त्रास होत होता. कायद्याने त्यांना २०० मीटरांपेक्षा आखूड लहरींच्या पट्ट्यात ढकलले. इतक्या आखूड लहरी दूर जात नाहीत, तेव्हा पोरे आपापल्या अंगणात खेळत बसतील आणि हळूहळू कंटाळून हा नाद सोडतील, असा त्यामागचा हिशेब. गावाबाहेरची पड जमीन एखाद्याला द्यावी आणि तिथे पाण्याचा झरा लागावा, तसे झाले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसलेल्या पॉल गॉडली याने टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरांच्या लहरीवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झाले. यंत्रांची शक्ती काही शे वॅट, म्हणजे आजच्या मिक्सरइतकी.

त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर नावाचा विद्युतभारित थर आहे. आखूड लहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत हे खरे. परंतु त्या वर जातात, आयनांबरावरून वळतात आणि शेकडो-हजारो किलोमीटर दूर उतरतात. लांब लहर आकाश आणि जमीन यांच्या पोकळीतून ढकलत न्यावी लागते, आणि त्यासाठी प्रचंड बळ लागते. आखूड लहर आकाशाकडे नुसती भिरकावली तरी पुरते. शिवाय तिच्या पट्ट्यात विजेची खरखर बरीच कमी असते. (या थरांचा अभ्यास आजही चालतो, आणि तोही कोल्हापुरात: शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एक रडार १.९८ मेगाहर्ट्झवर लहरी सोडून जमिनीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजत आले आहे.)

१८ ऑक्टोबर १९२४ रोजी या शोधावर कळस चढला. न्यूझीलंडमधील एका मेंढपाळी शेतावर राहणारा फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतील अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर यांनी एकमेकांशी थेट संपर्क साधला. पृथ्वीच्या पाठीवर यापेक्षा फार दूर जाताच येत नाही. साम्राज्याच्या अभियंत्यांना जे शेकडो मीटरांच्या मनोऱ्यांनी साधायचे होते, ते एका शाळकरी मुलाने शाळेतल्या यंत्रावरून करून दाखवले. गॉयडर हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे, आणि हिंदुस्थानात येणार आहे.

मार्कोनीला स्वतःलाही ही दिशा दिसली होती. त्याने आपल्या 'एलेट्रा' या नौकेवरून आखूड लहरींचे प्रयोग केले आणि १९२४ मध्ये ब्रिटिश टपालखात्याशी नवा करार केला. लांब लहरींची साखळी मागे पडली. तिच्या जागी आखूड लहरी झोताप्रमाणे एकाच दिशेने सोडणारी 'बीम' केंद्रे आली. हिंदुस्थानचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभारले गेले. १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि पुणे जिल्ह्यातील दोन ठिकाणे थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याशी जोडली गेली. दौंड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. पण लंडनहून हिंदुस्थानला येणारी बिनतारी तार प्रथम दौंडच्या माळावर उतरत असे, हे तिथल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली, की समुद्राखालच्या तारांच्या जुन्या कंपन्यांचा धंदा बसू लागला. त्यांना वाचवण्यासाठी लंडनला तारा आणि बिनतारी हे दोन्ही व्यवसाय एकत्र करावे लागले, आणि हिंदुस्थानातही १९३२ मध्ये तसेच झाले.

खडकीचे मनोरेही उंचच होते. साम्राज्याला मनोऱ्यांवाचून करमत नसे. फरक इतकाच की आता मनोरा ही सोय होती, अट नव्हती. आखूड लहरीवर एखाद्याला केवळ बोलायचेच असेल, तर त्याला घराची गच्ची पुरत होती.

मुंबईत तोवर रेडिओची हौस मूळ धरत होती. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल आणि तार खात्याच्या साहाय्याने आपल्या मुंबईतील इमारतीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने प्रक्षेपणास आरंभ केला. त्यात व्यापारी होते, अभियंते होते, पैसा आणि वेळ दोन्ही असलेले हौशी लोक होते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. दीड किलोवॅटचा हा प्रक्षेपक मध्यम लहरींवर चालत असे आणि त्याचा आवाज जेमतेम पन्नास किलोमीटरपर्यंत नीट पोहोचत असे. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि रेडिओ सरकारच्या गळ्यात पडला.

सरकारला या माध्यमाची किंमत उशिरा कळली, धोका मात्र लवकर कळला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरला. त्यानंतर हौशी प्रयोग करणाऱ्याला परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या पट्ट्यांतच बोलता येई. हे पट्टे १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत जगभरासाठी निश्चित झाले होते. त्यांपैकी हौशी लोकांचा सर्वांत आवडता पट्टा होता चाळीस मीटरांचा: ७ ते ७.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबीच्या भाषेत सुमारे ४१ ते ४३ मीटर.

१९३६ मध्ये सरकारी प्रक्षेपण सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी तिला एक मुख्य अभियंता मिळाला: सी. डब्ल्यू. गॉयडर. मिल हिल शाळेतील तोच मुलगा, आता तिशीच्या उंबरठ्यावर. एवढ्या मोठ्या देशात थोड्या पैशांत आवाज कसा पोहोचवावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. मध्यम लहरींची केंद्रे शहराभोवतालच्या थोड्या भागालाच पुरत. गॉयडरचे उत्तर त्याच्या शाळेतल्या यंत्राने बारा वर्षांपूर्वीच दिले होते. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लघुलहरींचे प्रक्षेपक बसले. मुंबईची बातमी आता नागपूरलाही ऐकू जाऊ लागली, आणि घराघरांतल्या रेडिओच्या तबकडीवर लघुलहरींचा पट्टा रुळला. पुढच्या घटनेसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्याच्या घरी लघुलहरी पकडणारे यंत्र नसते, तर चोरून बोलणाऱ्याचा काहीच उपयोग झाला नसता. ती श्रोतृमंडळी सरकारनेच, सरकारी खर्चाने, तयार करून ठेवली होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हौशी रेडिओचे परवाने रद्द झाले. यंत्रे बंद करण्याचे हुकूम निघाले. यंत्र मोडता येते. ते जोडणाऱ्या हातांतले कसब मात्र कोणत्याही हुकमाने जप्त होत नाही. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक तंत्रज्ञ होते. त्यांचा परवानाही असाच गेला होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. देशात काय चालले आहे हे देशालाच कळेना. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र काढायचे ठरवले. यंत्र जोडायला प्रिंटर होते. सामग्रीच्या बाबतीत 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने यांचे नाव पुढे खटल्यात आले; काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी ती प्रसिद्ध कंपनी. २७ ऑगस्टला चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' इमारतीच्या वरच्या मजल्यावरून पहिले प्रक्षेपण झाले. हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशी त्याची ओळख असे.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हा आकडा वर सांगितलेल्या चाळीस मीटरांच्या हौशी पट्ट्यात चपखल बसतो. यामागे काही खोल गुप्त योजना शोधण्याची आवश्यकता नाही. हौशी तंत्रज्ञाच्या हातातील यंत्र हौशी पट्ट्यावरच चालणार, हे स्वाभाविक होते. परंतु निवड योगायोगाने झाली असो वा जाणीवपूर्वक, तिचे परिणाम तिघांच्याही पथ्यावर पडणारे होते: बोलणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या आणि लपवणाऱ्याच्या.

या लहरीला अर्ध्या तरंगलांबीची पूर्ण अँटेना लावायची, तरी तार लागते एकवीस मीटर, म्हणजे सत्तर फुटांच्या आत. गिरगावातील कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला याहून लांब दोऱ्या बांधलेल्या असतात. हेच केंद्र लांब लहरींवर काढायचे म्हटले असते, तर मनोरा लागला असता आणि तो मलबार हिलवरच्या गव्हर्नरच्या बंगल्यातूनही दिसला असता. मध्यम लहरींवर काढले असते, तर ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रापुढे त्याचा क्षीण आवाज शहराबाहेरही पडला नसता. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र संध्याकाळी आयनांबरावरून वळून शेकडो किलोमीटरच्या टापूत उतरते. काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण आरंभी दोनदा आणि नंतर एकदाच, संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान होई. या लहरीसाठी ही वेळ उत्तमच.

त्या तासाभरात हिंदीत आणि इंग्रजीत बातम्या आणि भाषणे होत. राममनोहर लोहिया यांचे साहाय्य लवकरच मिळाले. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि विदर्भातील आष्टी-चिमूरची हकीकत या रेडिओने सांगितली. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबार झाला, लोक खवळले, सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर लष्कर व पोलीस यांनी गावावर जे अत्याचार केले, त्यांविषयी वृत्तपत्रांना मोकळेपणाने लिहिता येत नव्हते. चिमूरच्या स्त्रियांवर काय गुदरले हे आकाशमार्गे मुंबईहून देशाला कळावे, यात या साऱ्या उद्योगाचे प्रयोजन दिसते. उषा मेहतांच्या मंडळीत ऑल इंडिया रेडिओला 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यातली एक वेगळीच गंमत अशी, की काँग्रेस रेडिओवर रोज काय बोलले गेले याचा मोठा पुरावा पोलिसांच्याच दप्तरात आहे. त्यांचे लोक रोज कान लावून प्रत्येक शब्द टिपून घेत होते. इतका निष्ठावान श्रोता आणि लेखनिक कोणत्याही आकाशवाणीला मिळाला नसेल.

आखूड लहरीची एक बाजू मात्र धोक्याची होती. लहर आकाशातून दूर जात असली, तरी तिचा एक भाग जमिनीलगत काही किलोमीटर पसरतो. दिशाशोधक अँटेना बसवलेली गाडी शहरातून फिरवली, की त्या भागाचा माग काढता येतो. दोन ठिकाणांहून दिशा घेतल्या, नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जिथे छेदतात ती गल्ली सापडते. यावर उपाय एकच होता: जागा बदलत राहणे. चौपाटीच्या 'सी व्ह्यू'नंतर लॅबर्नम रोडवरचा 'अजित व्हिला', सँडहर्स्ट रोडवरचे 'लक्ष्मी भुवन', गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मीजवळचा 'पॅराडाइज बंगला' असे हे बिऱ्हाड हलत राहिले. ध्वनिमुद्रण एकीकडे आणि प्रक्षेपण दुसरीकडे अशी विभागणीही केली गेली. दर वेळी भाड्याची खोली, पेटीत भरलेले यंत्र आणि गुंडाळलेली तार. ५५० मीटरांच्या मनोऱ्याचे बिऱ्हाड असे हलवता आले नसते.

शेवटी या केंद्राला पकडून दिले ते दिशाशोधक गाडीने नव्हे, माणसाने. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या हाती सापडलेल्या प्रिंटर यांनी ठिकाण दाखवले. उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी यांना प्रक्षेपण चालू असतानाच अटक झाली. १९४३ मध्ये खास न्यायालयात खटला चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष सक्तमजुरी झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. सेसिल गॉयडर त्या काळात ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता होतेच. एकाच हौशी शोधाची दोन अपत्ये मुंबईच्या आकाशात एकमेकांसमोर उभी होती: एक सरकारी, एक फरारी.

प्रिंटर यांच्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक 'फितूर' या एका शब्दावर थांबतात. तो शब्द खोटा नाही. पण ते तीन महिने हवेत जो आवाज होता, तो त्यांच्या हातांनी जोडलेल्या यंत्रातून जात होता, हेही तितकेच खरे. यंत्र जोडण्याचे धैर्य आणि पोलीस कोठडीत टिकण्याचे धैर्य एकाच माणसात असेलच असे नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वक्त्यांना जागा आहे, तुरुंगवीरांना जागा आहे. कथील आणि तांब्याचे काम जाणणाऱ्यांचा उल्लेख बहुधा ते चुकले तरच होतो.

हाच मार्ग तेरा वर्षांनी सह्याद्रीत पुन्हा वापरला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या परिसरातील जंगलातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ सुरू केला. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. घनदाट रान, अतोनात पाऊस, जळवा आणि साप यांच्या सोबतीने दोघांनी हा आवाज १९६१ पर्यंत चालू ठेवला. पुढे मुक्काम बेळगावला हलला. गोवा मुक्त झाल्यावर, १९ डिसेंबर १९६१ रोजी, ही बातमी सांगण्यासाठी ते विमानातून गोव्यावर फिरले. आंबोलीच्या रानातही मनोरा नव्हता. उंच झाडे होती, आणि त्यांच्यावरून तार टाकता येत होती.

स्वातंत्र्यानंतर लांब लहरींचे जग हळूहळू ओस पडले. पाणबुड्यांशी संपर्क साधण्यासाठी नौदलांनी ती जपली, कारण फार लांब लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर शिरतात. बाकीच्यांपैकी अनेकांनी ती सोडली. मग एक उलटी गोष्ट घडली. ज्यांना १९१२ मध्ये तिथून हाकलले होते, त्यांनीच परत येण्याची परवानगी मागितली. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात हौशी मंडळींना लांब लहरींचा एक चिंचोळा तुकडा मिळाला. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा, आणि २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी वापरासाठी मान्य झाला. प्रत्येक देशाने आपापल्या नियमांनुसार तो खुला करायचा. पहिल्या पट्ट्यात अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीची मर्यादा आहे एक वॅट.

एक वॅट. ग्रिमेटनचे यंत्र दोनशे किलोवॅटचे होते. तरीही आजचे हौशी लोक घरामागच्या ठेंगण्या अँटेनावरून या लहरीवर समुद्र ओलांडतात. त्यांनी शक्तीऐवजी वेळ खर्च करायचे ठरवले. मोर्सचे एक टिंब तीन-तीन सेकंद, कधी मिनिटभर लांबवायचे. ऐकणाऱ्या संगणकाने तेवढा वेळ खरखरीची सरासरी काढत राहायचे, म्हणजे तिच्याखाली दबलेली बारीक रेघ पडद्यावर उमटते. २००८ मध्ये जो टेलर यांनी याच तत्त्वावरची 'डब्ल्यूएसपीआर' ही पद्धत आणली. तीत केंद्राचे नाव, ठिकाण आणि शक्ती एवढा चिमुकला संदेश जवळजवळ दोन मिनिटे घेऊन पाठवला जातो. टेलर स्वतः हौशी रेडिओवाले आहेत. पल्सारविषयीच्या संशोधनासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. अवकाशातील अतिक्षीण संकेत खरखरीतून वेचणाऱ्या माणसाला घरच्या अँटेनाचा संकेत वेचणे अवघड गेले नाही.

जयसिंगपूरच्या त्या काल्पनिक हौशी माणसाला हे सर्व नुसते ऐकायचे असेल, तर मनोराही लागत नाही. ऐकण्यासाठी तारेचे काही वेढे गुंडाळलेली एक चौकट, साधा ग्राहक आणि संगणक पुरतो. फक्त त्याने दिवस नीट निवडावेत. मे महिन्यात वळीव सुरू झाला, की पडद्यावर विजांच्या उभ्या रेघांशिवाय काही दिसणार नाही. डिसेंबर-जानेवारीतील रात्री, गुऱ्हाळे पेटलेली असताना, आकाश त्यामानाने शांत असते. मध्यरात्र उलटली, गल्लीतली घरगुती उपकरणे बंद झाली, की १३६ किलोहर्ट्झच्या आसपास कान लावावा.